आधी ऐकणे, मग चकवणे

शत्रूच्या रडारच्या रेडिओ लहरी टिपणे, त्या कुठून येतात हे ओळखणे आणि वेळ पडली तर त्या रडारला चकवणे, याला इलेक्ट्रॉनिक युद्ध म्हणतात. त्याची सुरुवात ऐकण्यापासून होते. स्नेहसंमेलनाच्या मंडपात ॲम्प्लिफायरवर कोणी मोबाईल ठेवला, की कधी कधी रिंग वाजण्याआधीच भोंगा टिर्रटिर्र करतो. मोबाईलने सोडलेल्या लहरी ॲम्प्लिफायरने आधीच पकडलेल्या असतात.

रडारला लहरी सोडाव्याच लागतात, म्हणून त्याला लपता येत नाही. कनेरगाव नाक्याच्या शिवारात रात्रीची लाइट आली की शेतकरी हरभऱ्याला पाणी द्यायला निघतो. बॅटरीच्या उजेडात त्याला पुढचा बांध जेमतेम दिसतो. ती बॅटरी मात्र चार शेतांपलीकडच्या माणसालाही दिसते. शेतकऱ्यासाठी उजेडाला बांधापर्यंत जाऊन परत यायचे असते, दुसऱ्यापर्यंत नुसते पोचायचे असते. रडारचेही असेच. अंतर दुप्पट झाले की ऐकणाऱ्याला लहरीचा चौथा हिस्सा मिळतो, रडारकडे परतणारा प्रतिध्वनी मात्र सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच रडारला जहाज दिसण्याआधी जहाजाला रडार कळू शकते.

भारतात इलेक्ट्रॉनिक युद्धाचे संशोधन प्रामुख्याने हैदराबादच्या संरक्षण इलेक्ट्रॉनिक्स संशोधन प्रयोगशाळेत चालते. तिथे घडलेली ‘शक्ती’ यंत्रणा पहिल्यांदा बसली ती मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘आयएनएस विशाखापट्टणम’वर. ही युद्धनौका २१ नोव्हेंबर २०२१ रोजी नौदलात दाखल झाली.

चकवण्याचे साधन दिसायला अगदी साधे आहे. चॅफ म्हणजे धातूचा मुलामा दिलेले, केसासारखे बारीक तंतू. जुलै १९४३मध्ये ब्रिटिश विमानांनी हॅम्बुर्गवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उधळल्या आणि जर्मन रडार गोंधळून गेले. तंतू लहरीच्या निम्म्या लांबीचा असला की प्रतिध्वनी जोरकस येतो. तीन सेंटिमीटरच्या लहरीला दीड सेंटिमीटरचा तंतू पुरतो. हवाई दलासाठी असे प्रगत चॅफ जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने पुण्याच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेच्या साथीने तयार केले. २०२१मध्ये ते जाहीर झाले.

पण विमान पुढे निघून जाते आणि तंतूंचा ढग वाऱ्यावर तरंगत मागे राहतो. अकोला–पूर्णा मार्गावरच्या गाडीचा भोंगा जवळ येताना चढा वाटतो, गाडी पुढे गेली की उतरतो. याच डॉप्लर परिणामामुळे रडार धावते विमान आणि तरंगता ढग वेगळे ओळखते. म्हणून वैमानिक चॅफ सोडताच विमान रडारच्या दिशेला काटकोनात वळवतो. तेवढा वेळ विमान रडारच्या जवळही येत नाही, दूरही जात नाही, आणि त्याचा प्रतिध्वनी ढगाच्या प्रतिध्वनीत मिसळून जातो.