घरात आलेला वेठ्या
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी आमच्यासाठी ‘यंत्रयुग आणि गृहजीवन’ असा भारदस्त विषय मुक्रर केला होता. तो पेलण्याची आमची शक्ती नाही. म्हणून त्यातले एकच यंत्र आम्ही निवडले आहे. गेली तीन वर्षे ते आमच्या घरी नांदते आहे, आणि त्याच्याविषयी आम्ही जे बोलू ते निदान पाहिलेले, हाताळलेले असे असेल. हे यंत्र म्हणजे आपले आपण फिरून केर काढणारा यंत्रमानव. यंत्रमानव हा शब्द ऐकून ज्यांच्या डोळ्यांपुढे हातपाय असलेला लोखंडी पुरुष उभा राहिला असेल त्यांची निराशा होईल. आमचा यंत्रमानव दिसायला उपड्या ठेवलेल्या लहानशा परातीसारखा आहे. व्यास सुमारे पस्तीस सेंटिमीटर, उंची जेमतेम दहा. त्याला माणसाचे म्हणावे असे काही असेल तर ते नाव. तेही परक्या मुलखातून आलेले.

‘रोबो’ हा शब्द मूळचा चेक भाषेतला. कारेल चापेक ह्या नाटककाराने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘आर. यू. आर.’ ह्या नाटकात तो प्रथम जगापुढे आला. सुचवला होता त्याचा भाऊ योसेफ ह्याने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे कुळाने जमीनदारासाठी सक्तीने करावयाचे काम. आपल्याकडे ह्याला नेमका शब्द आहे, वेठ. ती करणारा तो वेठ्या. ‘यंत्रमानव’ हे भाषांतर ज्याने केले त्याने शब्दातली सक्ती गाळून टाकली, ह्याची आम्हांला नेहमी रुखरुख वाटते. ‘वेठ्या’ म्हटले असते तर ह्या यंत्राची कुळकथा आपोआप ध्यानात आली असती.

ती कुळकथा थोडक्यात सांगतो. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ ह्या इंग्रज अभियंत्याने धूळ शोषून घेणारे यंत्र बांधले. ते एवढे अवजड होते की घोडागाडीवरून आणून रस्त्यात उभे करीत आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडीत. घरात मावेल असे यंत्र अमेरिकेत ओहायो राज्यातल्या जेम्स मरे स्पँगलरने केले, आणि आम्हांला ह्या सबंध इतिहासात हाच माणूस सर्वांत जवळचा वाटतो. तो कोणी अभियंता नव्हता. एका मोठ्या दुकानात झाडलोट करण्याची नोकरी करीत होता. त्याला दम्याचा विकार होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसत नव्हती. त्याने पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र करून आपले यंत्र जुळवले व १९०८ साली त्याचे पेटंट मिळवले. पुढे ते हक्क हूवर घराण्याकडे गेले आणि जगाच्या ध्यानात राहिले ते हूवरचे नाव.

आपल्या देशात १९८२ साली युरेका फोर्ब्स ही कंपनी निघाली आणि तिचे टाय लावलेले तरुण विक्रेते दारोदार फिरून ही यंत्रे दाखवू लागले. गादीवरून नळी फिरवून निघालेली धूळ ते पांढऱ्या कापडावर दाखवीत आणि गृहिणी लाजेने चूर होत. यंत्रे खपली खरी. पण पुष्कळ घरांत ती लवकरच माळ्यावर चढली. कारण उघड होते. पश्चिमेकडचे यंत्र गालिच्यांसाठी जन्मले होते. आपल्याकडे फरशी होती, केरसुणी होती, आणि केर काढणाऱ्या बाई होत्या.

आपोआप फिरणारी यंत्रे आली ती ह्या शतकाच्या आरंभी. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने २००१ साली ‘ट्रायलोबाइट’ आणले; दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतल्या आयरोबोट कंपनीने ‘रूंबा’ आणले. ह्याच कंपनीचे ‘पॅकबॉट’ नावाचे यंत्र २००२ साली अफगाणिस्तानातल्या गुहा धुंडाळण्यासाठी अमेरिकन सैन्याबरोबर होते. रणांगण आणि दिवाणखाना ह्यांत अंतर किती थोडे असते! पहिला रूंबा तसा आंधळाच होता. भिंतीवर आपटायचे, वळायचे, पुन्हा चालायचे. पुरेसा वेळ दिला की बहुतेक फरशी कधी ना कधी त्याच्याखाली येई. आताच्या यंत्रांच्या माथ्यावर एक लहानसा घुमट असतो. त्यातून गरगर फिरणारा लेसरचा किरण भिंतींवरून परत येतो, त्यावरून अंतर मोजले जाते आणि यंत्र घराचा नकाशा काढते. मग शेतकऱ्याने तासामागून तास धरावे तसे सरळ पट्ट्यांनी ते फिरते. पोटाखाली फिरता कुंचा, बाजूला कोपऱ्यातला केर आत ओढणारा छोटा कुंचा, मागे ओले फडके. बॅटरी उतरली की आपल्या पायांनी, म्हणजे चाकांनी, ठाण्यावर जाऊन उभे राहते.

आमच्या बंगळूरच्या घरात मात्र त्याला बरेच शिकावे लागले; खरे म्हणजे घरालाच शिकावे लागले. दोन सेंटिमीटरच्या आसपास उंचीचे ते चढते. त्याहून उंच उंबरठा आला की दाराशी घुटमळते. जिन्यावरून पडू नये म्हणून त्याच्या तळाशी खाली पाहणारे अवरक्त किरणांचे डोळे असतात. काळा दगड तो किरण गिळून टाकतो, त्यामुळे स्वयंपाकघराच्या दारातली काळ्या ग्रॅनाइटची पट्टी त्याला खोल दरी वाटली आणि आठवडाभर त्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकले नाही. देवघरापुढची रांगोळी त्याने पहिल्याच दिवशी निष्ठापूर्वक पुसून काढली. आता नकाशावर देवघराभोवती एक मनाई-रेषा आखली आहे. तिला घरातली मुले लक्ष्मणरेषा म्हणतात.

ते चालावयाचे तर आधी खुर्च्या उचलून ठेवाव्या लागतात, तारा गुंडाळाव्या लागतात, मोजे, खेळणी, पायपुसणी उचलावी लागतात. कुंच्यात लांब केसांचे गुंतवळ अडकते, ते दर आठ-दहा दिवसांनी कात्रीने कापून काढावे लागते. जळमटे, पंखे, खिडक्यांचे गज, कपाटाच्या माथ्यावरची धूळ ह्यांच्याशी त्याला कर्तव्य नाही. फरशी ते पुसते म्हणजे ओल्या फडक्याने तिची विचारपूस करते. सांडलेल्या आमटीचा वाळलेला डाग तसाच राहतो. ही निंदा नव्हे. रोजची धूळ, विशेषतः पलंगाखालची, ते उत्तम काढते, आणि ज्यांची कंबर वाकत नाही अशा एकट्या वृद्धांना ते खरोखर वरदान आहे. आमच्या तीन परिचितांना ते आम्ही आग्रहाने घ्यायला लावले. परंतु श्रम वाचतात म्हणजे नेमके कोणाचे, हे पाहू गेल्यास हिशेब गुंतागुंतीचा होतो.

रूथ श्वार्ट्झ कोवान ह्या अमेरिकन इतिहासकार विदुषीने १९८३ साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ ह्या ग्रंथात हा हिशेब मांडला. यंत्रे आली तसा स्वच्छतेचा दंडकही वर गेला. पूर्वी जे काम पुरुष, मुले वा नोकरमाणसे करीत ते एकट्या गृहिणीवर आले. तिचे तास घटले नाहीत. आपल्याकडचे आकडे पाहा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७. आणि असे काम करणारे पुरुष होते अवघे २६ टक्के. आमच्या घरी यंत्र आल्यावर पुरुषमंडळी एकाएकी केर काढण्यात रस घेऊ लागली, हे मात्र नमूद केले पाहिजे. फोनवर बोट टेकवण्यात कमीपणा नसतो.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला ती सांगतो. आमच्याकडे बारा वर्षे काम करणाऱ्या अक्का आहेत. येथल्या रीतीप्रमाणे कामाचे पैसे कलमवार ठरतात. केर-फरशीचे इतके, भांड्यांचे इतके. यंत्र आले त्या दिवशी त्या हात पुसत त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या आणि आपल्या कन्नड-मराठी भाषेत म्हणाल्या, “ताई, आता माझे किती कमी करणार?”

प्रश्न सरळ होता. आमच्या इमारतीत दोन-तीन घरांनी केर-फरशीचे कलम तोवर कापलेही होते. आम्ही घरात दोन दिवस ह्यावर बोललो. बोलता बोलता जे ध्यानात आले ते असे. ह्या यंत्रासाठी आम्ही वीस हजारांहून अधिक रुपये एकरकमी मोजले होते. दोन तास चालल्यावर त्याला तीन-चार तास विसावा लागतो, तो आम्ही कुरकुर न करता देत होतो. त्याचे कुंचे झिजले की नवे आणीत होतो. ते अडले तर माहितीपुस्तिका उघडून आपलेच काय चुकले ते पाहत होतो. अक्कांच्या गुडघ्यांची चौकशी आम्ही ह्या काळजीने कधी केली होती, ते कोणालाच आठवेना.

शेवटी ठरले ते हे. पैसे तेच. रोजचा केर यंत्राने काढावा, फरशी अक्कांनी आठवड्यातून दोनदा, लांब दांड्याच्या फडक्याने, उभ्याने पुसावी, रविवार सुट्टी. यंत्राची डबी रिकामी करणे आणि गुंतवळ कापणे घरच्यांनी वाटून घ्यावे. ह्या शेवटच्या कलमावर अक्कांनीच बोट ठेवले होते. “तो केर काढतो,” त्या म्हणाल्या, “पण त्याचा केर मीच काढायचा का?” शेजारच्या काही मंडळींना आमचे वागणे भाबडेपणाचे वाटते. ते तसे म्हणतातही. पण हे औदार्य आहे असे आम्ही समजत नाही. ज्या कर्नाटकात आपण राहतो त्या राज्याने २००४ सालीच घरकामगारांसाठी किमान वेतन अधिसूचित केले आहे आणि महाराष्ट्राने २००८ साली त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. सरकारने जे काम म्हणून मोजले ते आपण अजून मदत म्हणून मोजतो, एवढाच फरक.

आणखी एक सावधगिरी सांगून पुढे जातो. घराचा नकाशा आणि काही यंत्रांच्या बाबतीत कॅमेऱ्याची चित्रे परक्या संगणकांवर जातात. २०२२ च्या डिसेंबरात एका अमेरिकन नियतकालिकाने दाखवून दिले की चाचणीसाठी लोकांच्या घरी दिलेल्या अशा यंत्रांनी टिपलेली खाजगी चित्रे, शौचकूपावर बसलेल्या एका स्त्रीचे चित्रसुद्धा, बाहेर फुटली होती. आम्ही मुद्दामच कॅमेरा नसलेले यंत्र घेतले. आणि कंपनी किती दिवस टिकेल हेही पाहावे. रूंबा करणाऱ्या कंपनीवरच २०२५ च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मुलांनी हट्ट धरला की केरसुणीच्या शेजारी यंत्रालाही हळदकुंकू वाहावे. आजीबाईंनी थोडा विचार केला आणि केरसुणीला वाहिले, यंत्राला नाही. कारण विचारता म्हणाल्या, “ते रात्रीबेरात्री केर काढते. दिवेलागणीनंतर केर काढणाऱ्याकडे लक्ष्मी कशी येईल?” तेव्हापासून यंत्राची वेळ सकाळी दहाची केली आहे.

जाता जाता मंडळाच्या घरचा विषय. सभागृहासाठी असे यंत्र घ्यावे अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे आणि आमचे मत विचारले गेले आहे. सभागृहात दोनशे खुर्च्या आहेत. त्या रोज हलवल्याखेरीज यंत्राचा उपयोग नाही, आणि त्या हलवणारी माणसे तीच, जी आज झाडतात. त्यांचे झाडण्याचे पैसे कापून खुर्च्या उचलण्याचे काम फुकट त्यांच्या माथी येणार असेल, तर ह्या खरेदीस आमचा विरोध नोंदवावा. ग्रंथालयाच्या खोलीसाठी मात्र यंत्र जरूर घ्यावे. तेथे कपाटांखाली हात पोचत नाही, पुस्तकांना धूळ सोसत नाही, आणि सुदैवाने त्या खोलीला उंबरठा नाही. डबी रिकामी करण्याची पाळी कार्यकारिणीच्या सभासदांनी आठवडावार लावून घ्यावी. पहिला आठवडा आम्ही घेतो.