गुणवत्तेचा हिशेब निकालाच्या तारखेशी



१९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांची सातारा ही कर्मभूमी. ज्यांच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, अशा मुलांसाठी त्यांनी वसतिगृहं काढली. गुणवत्तेवर बोलताना तीच मुलं आपल्या नजरेसमोर असावीत, एवढीच माझी विनंती.

उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची स्थापना १९९४ची. तिच्या २०१७च्या आराखड्यात हजार गुणांपैकी विद्यापीठाच्या संशोधनाला २५०, तर अध्यापन आणि मूल्यमापनाला २०० गुण होते. संलग्न महाविद्यालयांसाठी मात्र अध्यापन-मूल्यमापनालाच ३५०. निकषांचा कल वर्गाकडे होता. तरीही नॅकची तपासणी करणारी पीअर टीम येणार म्हटलं की काही ठिकाणी वर्षभराची इतिवृत्तं आठवड्यात लिहून निघतात, भिंती रंगतात, आणि टीम गेली की फायली कपाटात जातात. या धावपळीतून विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच २०१७ साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. तंत्र चांगलंच होतं. पण लाखो उत्तरपत्रिकांचा भार त्यावर एकदम पडला. स्कॅनिंग, प्रशिक्षण आणि चाचणीला पुरेसा अवधी मिळाला नाही. निकालासाठी कायद्यानं दिलेली कमाल मुदत ४५ दिवसांची. निकाल त्यापलीकडे कितीतरी लांबले. पुढच्या प्रवेशासाठी गुणपत्रिका हवी असलेली मुलं खोळंबली, आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. आधी एखाद्या लहान परीक्षेवर करून पाहायचं, चुका नोंदवायच्या, त्या दुरुस्त करायच्या आणि मगच व्याप्ती वाढवायची: गुणवत्ता व्यवस्थापनाचा हा अगदी प्राथमिक क्रम. तो गाळल्यावर एवढ्या जुन्या, नामवंत विद्यापीठाचीही घडी विस्कटली.

म्हणून संस्थेच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, म्हणजे आयक्यूएसीच्या बैठकीत मागच्या ठरावांवर काय कार्यवाही झाली, हा विषय पहिला यावा. विद्यार्थ्यांच्या फीडबॅकमुळे कोणता बदल केला, हे सूचनाफलकावर लागावं. पुनर्मूल्यांकनात गुण फार बदलत असतील, तर त्या विषयाच्या मॉडरेशनची तपासणी व्हावी. निकाल वेळेत लागणं हेही विद्यापीठाचं काम किती चोख आहे, याचं मोठं माप आहे.

हे काम ज्यांच्या हातून होतं, त्या परीक्षा विभागातल्या कर्मचाऱ्यांना आम्ही या परिषदेचं निमंत्रण आवर्जून दिलं. दुपारच्या सत्रात तेच बोलणार आहेत. त्यांचं विशेष स्वागत करतो आणि कुलगुरू-प्राचार्यांना विनंती करतो, की त्या सत्राला आपण शेवटपर्यंत थांबावं.