वसतिगृहाचे दार



उच्च शिक्षणाच्या प्रसाराचा विचार करताना आपण महाविद्यालये मोजतो, त्यांतील जागा मोजतो, शुल्काच्या सवलती मोजतो. परंतु खेड्यातून आलेला विद्यार्थी रात्री कोठे निजतो आणि दोन्ही वेळा काय जेवतो, हा प्रश्न आपल्या ठरावांत क्वचितच उमटतो. माझ्या अल्प मतीप्रमाणे तोच या विषयाचा गाभा आहे, आणि आपण दिलेल्या अध्यक्षपदाचा उपयोग मी त्याच एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधण्यासाठी करणार आहे.

आपल्या पूर्वसूरींना तो नेमका उमगला होता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 साली मराठा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहापासून आरंभ करून जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहावीत म्हणून जागा, पैसा आणि राजाश्रय दिला, तो शहरात शाळा असून खेड्यातल्या मुलाला तेथे पाठ टेकायला जागा नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढे साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसविणारे वसतिगृह चालविले. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, आणि शेवटी मंगळसूत्रही, विकले. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले तेही 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर, म्हणजे कुदळ आणि पुस्तक या दोहोंना एकाच हाताचा धर्म मानून. आधी भाकरी, मग वर्ग, हा क्रम या थोर पुरुषांनी कधी उलटा केला नाही. तो आपण उलटा केला.

महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन रुजू केले, त्यातील प्राथमिक शिक्षणाचा आग्रह सर्वश्रुत आहे. पण शिष्यवृत्त्या केवळ चढाओढीने न वाटता, ज्या वर्गांत विद्येचा शिरकाव झालेला नाही त्यांच्याकरिता काही राखून ठेवाव्यात, आणि खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना प्रवेशपरीक्षेप्रमाणेच वरच्या पदव्यांच्या परीक्षांनाही बसू द्यावे, या त्यातल्या दोन सूचनांची आठवण आपणांस फारशी राहिलेली नाही. दुसऱ्या सूचनेला मुक्त विद्यापीठाचे रूप नाशकास 1989 साली आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत 1946 साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी सकाळचे वर्ग भरविले. वेळापत्रकसुद्धा न्यायाचे साधन होऊ शकते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

आता आजची स्थिती पाहा. 2024 साली महाराष्ट्र शासनाने आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. या निर्णयाचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु ज्या मुलीच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारी एस.टी. सकाळी एकदाच सुटते, तिच्या बापाला शुल्कापेक्षा तिच्या मुक्कामाची चिंता अधिक असते, आणि त्या चिंतेवर माफीचा कोणताही हुकूम लागू पडत नाही.

मी जेथे अनेक वर्षे अध्यापन केले त्या महाविद्यालयात दुष्काळी भागातला एक विद्यार्थी होता. शिष्यवृत्ती मंजूर होती, गुण उत्तम होते. पण रक्कम हाती पडण्यापूर्वीच खाणावळीची तीन महिन्यांची बाकी चढली, आणि दिवाळीच्या सुट्टीत तो गावी गेला तो परतलाच नाही. चैत्रात रक्कम जमा झाल्याचा कागद माझ्याकडे सहीसाठी आला. तो कागद कित्येक वर्षे माझ्या डोळ्यांपुढून हललेला नाही, आणि त्या मुलाची चौकशी मी वेळेवर का केली नाही, हा प्रश्नही नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, नव्या महाविद्यालयाच्या परवानगीची दरखास्त आली की तिच्यासोबत वसतिगृहाची जागा आणि भोजनाची तरतूद दाखविणे सक्तीचे असावे, आणि ज्या तालुक्यांत महाविद्यालय आहे पण वसतिगृह नाही, त्यांना अनुदानात अग्रक्रम मिळावा. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थ्याच्या खात्यात पडावा. दाखल्यांची छाननी मागाहून होऊ द्या, पोट मागाहून भरत नाही. उत्पन्नाचा दाखला एकदा तहसील कचेरीने दिला की तो संपूर्ण अभ्यासक्रमभर ग्राह्य धरावा. दरवर्षी त्याच कागदासाठी शेतमजुराची रोजी बुडविण्यात शासनाचे कोणते हित साधते, ते मला कळलेले नाही. आणि 'कमवा आणि शिका' योजनेत दिले जाणारे काम अंगण झाडण्यापुरते न ठेवता ग्रंथालय, प्रयोगशाळा, शेती यांत द्यावे, व त्याचा मोबदला बाजारातील मजुरीहून कमी नसावा. या साऱ्याला खर्च येईल, हे मी जाणतो. पण जो विद्यार्थी दुसऱ्या वर्षी गळतो त्याच्यावर झालेला पहिल्या वर्षाचा खर्चही रयतेच्याच पैशाचा असतो.

दुपारच्या सत्रात विषयनियामक समितीपुढे जो ठराव येणार आहे, त्याच्या मसुद्यात 'शुल्कमाफी' या शब्दापुढे 'निवास व भोजन' हे शब्द घालावेत, अशी उपसूचना मी मांडणार आहे. अध्यक्षाने उपसूचना मांडू नये असा शिरस्ता आहे, म्हणून तेवढ्या वेळापुरता मी हे आसन सोडून आपल्यांत येऊन बसेन.