वीणेची ओढ आणि कीबोर्डचे चाक
(गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनियर. रागातले बारकावे मला विचारू नका, मापाचे मात्र थोडेबहुत कळते. हल्ली आपली मुले वीणेऐवजी कीबोर्ड मागतात आणि गुरुजी म्हणतात, "त्यात गमक येत नाही." खरे कुणाचे, ते मोजून पाहू.

आधी आपली तंजावरची वीणा. मेणात पक्के बसवलेले २४ पितळी पडदे, म्हणजे सप्तकाला १२. कीबोर्डच्या पट्ट्याही सप्तकाला १२च. मग तोडीतला डोलणारा गांधार वीणेत येतो कुठून? तार पडद्यावरच आडवी ओढल्याने. तार ताणली की स्वर चढतो, आणि चढताना वाटेतली एकही जागा सुटत नाही. गाडी घाट चढते तशी. तिथे जिना नसतो.

कीबोर्डवर हेच काम डाव्या हाताचे चाक करते. त्याला पिच बेंड म्हणतात. पण ते आकड्यांत बोलते, म्हणजे पायऱ्या आल्या. १९८३ सालच्या मिडी पद्धतीत या चाकाला १६,३८४ पायऱ्या दिल्या आहेत. चाकाचा पल्ला सहसा दोन अर्धस्वर वर, दोन खाली. एका अर्धस्वराचे १०० सेंट, तेव्हा ४०० भागिले १६,३८४. एक पायरी सेंटच्या चाळिसाव्या भागाहूनही लहान! कुणाच्या कानाला ती कळणार?

पण काही वाद्यांची चाके १२८ पायऱ्याच पाठवतात. मग पायरी तीन सेंटहून थोडी मोठी होते. त्यात एखादा हौशी पल्ला वाढवून वर १२, खाली १२ करतो. झाले, पायरी पावणेएकोणीस सेंटची! बावीस श्रुतींतली सर्वांत लहान, प्रमाणश्रुती, साधारण साडेएकवीस सेंटची असते. असल्या चाकावर गमक घसरत नाही, ठेचा खात उतरते. इथे गुरुजींचे म्हणणे शंभर टक्के खरे. तरी चेन्नईचे के. सत्यनारायणन कीबोर्डवर कर्नाटक संगीताच्या मैफली करतात, हेही विसरू नये.

मला दुसरी अडचण जास्त मोठी वाटते, आणि दुकानदार ती सांगत नाही. ती म्हणजे सा. चाक फिरवले की त्या चॅनेलवरचे सगळेच स्वर ओढले जातात. सा धरून ठेवला असेल तर तोही हलतो. सा हलला तर उरले काय? वीणेत तालाच्या तीन तारा बाजूला असतात, ओढीचा त्यांना धक्का लागत नाही. मिडीत १६ चॅनेल आहेत. सा वेगळ्या चॅनेलवर ठेवला तर सुटका होते. २०२० च्या मिडी २.० मध्ये तर प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे ओढता येतो आणि पायऱ्या ४०० कोटींहून अधिक. मात्र स्वस्त वाद्यात हे मिळेलच असे धरू नका.

कीबोर्ड घ्यायचाच असेल तर दुकानात बासरीचा आवाज लावा, पल्ला १२ वर न्या, एक पट्टी दाबून चाक अगदी सावकाश फिरवा. स्वर सरळ घसरला तर ठीक, टप्प्याटप्प्याने उतरला तर "दुसरा दाखवा" म्हणा. घरी आल्यावर पल्ला पुन्हा २ वर आणि सा साठी श्रुतिपेटी वेगळी. मंडळाचा कीबोर्ड इथे स्टेजवर आहेच. आरतीनंतर ज्यांचा कान तयार आहे त्यांनी थांबावे, त्याचीही हीच परीक्षा घेऊ.