घरची चूल कशी सांभाळावी
(कोयनानगर येथे प्रौढांच्या रात्रीच्या वर्गात झालेले भाषण)



आज आम्ही चुलीवर बोलणार आहोत. हे ऐकून मागच्या ओळीतल्या मावशी हसल्या. त्यांचं हसणं खरं आहे. ज्यांनी चाळीस वर्षे चूल फुंकली, त्यांना आम्ही काय शिकवणार? आम्ही फुंकणी हाती घेतली की जाळ होत नाही, नुसतं डोळ्यांत पाणी येतं. पण मावशी, तुमच्यासारख्या बायांकडून थोडं शिकलो आहोत आणि जाणत्या लोकांकडून थोडं. ते दोन्ही मिळून सांगतो. चुकलं तर तिथंच टोका.

कोणी म्हणेल, आता गॅस आला, चुलीचं काय एवढं? गॅस आला हे खरं. २०१६ साली उज्ज्वला योजना निघाली आणि पुष्कळ घरांत सिलिंडर आला. पण तो भरून आणायला पैसे पडतात आणि डोंगरावरच्या वाडीला तो डोक्यावरून न्यावा लागतो. म्हणून चहा गॅसवर, आणि भाकरी, अंघोळीचं पाणी चुलीवर, असं अनेक घरी चालतं. आपल्या कोयनेच्या पाण्यावर पोफळीला वीज तयार होते, ती लांबलांबच्या शहरांत जाते. आपल्याकडे पाणी तापतं ते लाकडावर. असो. चूल आहे तोवर ती नीट चालवली पाहिजे.

आधी धुराचं बघू. धूर म्हणजे काय? धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. लाकूड तापलं की त्यातून वाफ आणि वायू बाहेर पडतात. उष्णता पुरेशी असली, वारा पुरेसा मिळाला, तर तो वायू पेटतो. त्यालाच आपण जाळ म्हणतो. उष्णता कमी पडली की तोच वायू न पेटता धूर होऊन घरभर फिरतो. म्हणजे जंगलातून मोळी आणायचे कष्ट केले, आणि त्यातलं थोडं लाकूड धुराबरोबर उडवून दिलं. उडून जातं कुठं? बाईच्या डोळ्यांत, तिच्या छातीत, आणि तिच्या कडेवरच्या लेकराच्या छातीत. लहान मुलांना न्यूमोनिया होतो, बायांना दम्यासारखा खोकला जडतो, त्यात या धुराचा मोठा हात आहे, हे डॉक्टरांनी पुष्कळ तपासून सांगितलं आहे.

मग धूर कमी कसा करायचा? पहिली गोष्ट, सरपण वाळलेलं पाहिजे. ताज्या तोडलेल्या दहा किलो लाकडात चार-पाच किलो तर पाणीच असतं. ते चुलीत घातलं की आधी ते पाणी उकळावं लागतं, मग लाकूड पेटतं. आपण भात शिजवायला बसलो आहोत की लाकडातलं पाणी शिजवायला? आणि आपल्या कोयनेचा पाऊस तुम्हांला माहीतच आहे. जूनपासून चार महिने लाकूड वाळायचं नावच नको. म्हणून जळणाचं काम होळीच्या आसपास उरकावं. ढलप्या मनगटापेक्षा जाड ठेवू नयेत. फोडलेलं लाकूड लवकर वाळतं. पडवीत दगडांवर आडवी बल्ली टाकून त्यावर रचावं, जमिनीला टेकू देऊ नये. वरून झाकावं, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. सगळीकडून ताडपत्रीत गुंडाळून ठेवलं तर आतल्या आत बुरशी येते. हे आम्ही एकदा केलं होतं. श्रावणात उघडलं तर त्यावर पांढऱ्या छत्र्या उगवलेल्या.

वाळलं की नाही हे कसं ओळखावं? दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. खण् आवाज आला तर वाळलं, धप् आवाज आला तर ओलं. टोकाला चिरा पडलेल्या दिसतात, साल सुटते. चुलीवरच्या माळ्यावर लाकूड वाळवायची आपली रीत जुनी आहे, चांगलीही आहे. पण माळा चुलीपासून पुरेसा उंच हवा, आणि काटक्यांचं टोक जाळाच्या बाजूला लोंबता कामा नये.

दुसरी गोष्ट, चुलीचं तोंड कोंबून भरू नका. दोन-तीन ढलप्या पुरतात. त्यांच्या खालून वारा गेला पाहिजे, म्हणून राख रोज काढा. राख गच्च झाली की चूल गुदमरते. ढलपी जळेल तशी पुढं सारायची. हे मावशींना माहीत आहे. आमच्यासारख्या पुरुषांना नाही. पुरुष चुलीजवळ बसला की एकदम सगळी मोळी आत घालतो.

काय जाळू नये? कण्हेरीचं लाकूड नको, तिचा धूर विषारी. बिब्ब्याच्या धुराने अंग सुजतं. रंग दिलेली फळी, प्लायवूड, तुटकी चप्पल, प्लास्टिकची पिशवी, यांतलं काही चुलीत घालू नका. पिशवी पटकन पेटते म्हणून पावसाळ्यात सगळेच ती वापरतात. पण तो धूर लाकडाच्या धुरापेक्षा वाईट. त्याऐवजी नारळाची शेंडी, वाळकी शेणी, कोरडं गवत एका डब्यात भरून ठेवावं. आणि रॉकेल तर निखाऱ्यावर कधीच ओतू नका. जाळ दिसत नसला तरी निखारा गरम असतो. रॉकेलची वाफ होते आणि एकदम भडका उडतो. हातातला डबाच पेटतो.

आता धुराड्याची चूल. ही काही आजची नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्ध्याला मगनवाडीत धुराडे असलेली मातीची चूल तयार झाली, तिला मगन चूल म्हणत. पुढे १९८३ साली सरकारने सुधारित चुलींचा देशभर कार्यक्रम काढला. पुण्याच्या आरती संस्थेची लक्ष्मी चूल आपल्या राज्यात पुष्कळांनी पाहिली असेल. एका जाळावर दोन भांडी, आणि धूर नळीने बाहेर. आपल्या जुन्या वैलाचीच ही शहाणी बहीण. पण त्या काळी बसवलेल्या अनेक चुली थोड्या वर्षांत बंद पडल्या. धुराडे काजळीने भरले, साफ कोणी केलं नाही, धूर परत घरात आला. मग बायांनी ती फोडून पुन्हा आपली जुनी चूल घातली. त्यांचा दोष नव्हता. चूल दिली, पण सांभाळायची कशी हे पुष्कळ ठिकाणी कोणी नीट सांगितलं नाही.

तर धुराडे पंधरा दिवसांनी साफ करा. पावसाळ्यात लाकूड दमट असतं, तेव्हा आठ दिवसांनी. चूल पूर्ण गार झाल्यावर काथ्याचा बोळा दोरीला बांधून वरखाली ओढायचा. खाली पडलेली काजळी काढून टाकायची. काजळी साचली की ती स्वतःच पेटते. नळीत घोंघाट होतो, वरून ठिणग्या उडतात. असं झालं तर धुराड्यात पाणी ओतू नका, तापलेली नळी तडकते. लाकडं बाहेर ओढून विझवा, चुलीचं तोंड ओल्या पोत्याने बंद करा, म्हणजे वारा तुटतो. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि छपरावर लक्ष ठेवा. नळी छपरातून जाते तिथं वासा किंवा गवत वीतभर तरी लांब हवं, मध्ये पत्रा हवा.

आता आपल्याच मुलुखाची एक गोष्ट. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी इथं मोठा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसं गेली. थोरल्यांना ती पहाट आठवते, धाकट्यांनी ऐकली आहे. तेव्हापासून लहान धक्के आपल्याला नवे नाहीत. भांडी वाजली की आपण म्हणतो, आला वाटतं, आणि पुन्हा कामाला लागतो. पण मातीच्या चुलीला तो धक्का कळतो. धुराडे जिथं चुलीला जोडलेलं असतं तिथं केसाएवढी भेग पडते. दिसत नाही, धूर मात्र तिथून झिरपतो.

म्हणून प्रत्येक धक्क्यानंतर चूल बघा. जाळ चालू असताना पेटती उदबत्ती सांध्याजवळ फिरवा. उदबत्तीचा धूर आत ओढला गेला, किंवा चुलीचाच धूर बाहेर आला, तर भेग आरपार आहे. ती अशी बुजवा. आधी खिळ्याने खरवडून रुंद करा, पाणी शिंपडा. वारुळाची माती चाळून घ्या, त्यात थोडी राख, शेण आणि बारीक तूस मळा. तो गारा दाबून भरा. सुकताना पुन्हा बारीक चीर पडते. तिच्यावरून पोतेरं फिरवा. पुरती वाळल्याशिवाय जाळ करू नका.

धक्का आला तेव्हा चूल पेटलेली असेल तर भांडं वाचवायला वाकू नका. बाहेर निघा. हादरे थांबले, घर धड आहे असं दिसलं, की मग आत जाऊन आधी विस्तव विझवा.

शेवटी निखाऱ्यांचं सांगतो. ही गोष्ट आमच्या घरची आहे, म्हणून जरा जपून सांगतो.

आषाढातली रात्र होती. आठ दिवस पाऊस खळला नव्हता. अंथरुणंसुद्धा ओली लागत होती. आमची चुलती म्हातारी, तिला थंडी सोसेना. चुलीतले निखारे शेगडीत घातले आणि आम्हीच ती शेगडी तिच्या खोलीत नेऊन ठेवली. वारा येतो म्हणून खिडकीला पोतं लावलं, दार ओढून घेतलं. धूर तर अजिबात नव्हता. निखारे लालभडक, छान दिसत होते. तिच्याजवळ दोन नातवंडं निजली होती.

मध्यरात्री धाकटा पोर ओकला. त्याच्या आवाजाने आम्ही उठलो. दार उघडलं तर थोरला जागा होईना, आणि चुलती म्हणे, डोकं फुटतंय, मला उठवू नका. आधी वाटलं रात्रीची भाजी बाधली. पण तिघांनाही एकदम कशी बाधेल? शेजारच्या तात्यांनी शेगडी बघितली आणि ओरडले, बाहेर काढा सगळ्यांना! पावसात ओसरीवर आणून निजवलं. मग दवाखान्यात नेलं. तिघंही वाचली. पोर ओकला नसता तर काय, हे आम्ही अजून मोठ्याने बोलत नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर नाही. श्वासाबरोबर तो रक्तात जातो आणि प्राणवायूची जागा अडवतो. माणसाला गुंगी येते, आणि गुंगीतच ते जातं. डोकं दुखणं, मळमळ, पाय लटपटणं, आणि तेही घरातल्या सगळ्यांना एकदम, ही त्याची खूण. अशा वेळी दारं उघडा, माणसं मोकळ्या हवेत न्या, १०८ ला फोन करा. ऊब हवी तर शेगडीजवळ बसा, दार-खिडकी किलकिली ठेवा, आणि निजण्याआधी ती बाहेर पडवीत काढा. निखाऱ्यांवर राख ओढली म्हणजे ते विझले असं नाही. राखेखाली ते रात्रभर जागे असतात.

आणखी दोन बारीक गोष्टी. चुलीपुढे बसताना पदर खोचून घ्या. नायलॉनची साडी असेल तर जास्तच जपा, ती अंगाला चिकटते. भाजलं तर साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. शाई, टूथपेस्ट, माती काही लावू नका. कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा.

आता पुरे. पुढच्या गुरुवारी येताना प्रत्येकाने ओंजळभर वारुळाची माती आणा. वर्गाच्या मागे पडवीत चूल आहे, तिला धुराड्याजवळ भेग गेली आहे. मावशी गारा मळून दाखवतील, आणि आम्ही त्यांच्या हाताखाली बसू.