तालिका वाचकाची की हिशेबतपासनिसाची?



अध्यक्षाने गोड बोलावं, शासनाकडे वाढीव अनुदान मागावं आणि खाली बसावं, असा आपल्या अधिवेशनांचा रिवाज आहे. अनुदान मलाही हवं आहे, त्याचा ठराव होईलच. पण आज मला भांडायचं आहे ते आपल्याशीच, ग्रंथालयं चालवणाऱ्यांशी.

संगणकीकरण झालं म्हणून आपण सत्कार घेतले. आता त्या संगणकावरच्या तालिकेत, म्हणजे ग्रंथांच्या यादीत, वाचकाला काय दिसतं ते पाहा. शोधाच्या चौकटीत ‘ज्ञानेश्वरी’ टाका. ओळीखाली ओळ येते: ज्ञानेश्वरी, ज्ञानेश्वर, दाखल क्रमांक, वर्गांक, किंमत. पुन्हा ज्ञानेश्वरी, पुन्हा ज्ञानेश्वर, नवा दाखल क्रमांक. यातली राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली प्रत कोणती? साखरे महाराजांची कोणती, सोनोपंत दांडेकरांची कोणती? ज्याला पाठभेद ताडून पाहायचे आहेत त्याने सगळं कपाट उपसायचं का? संपादकाचं नाव नोंदीत आहे. आपल्याच माणसाने मान मोडून ते भरलं आहे. आपण मात्र ते दोन क्लिकच्या आड टाकलं आणि पहिल्या ओळीत किंमत छापली. वाचक पुस्तक वाचायला नेतो, त्याला किंमत काय करायची? ती लागते हिशेबतपासनिसाला.

पुढे जा. ‘खानोलकर’ टाका. ‘कोंडुरा’ येते, ‘एक शून्य बाजीराव’ येतं. ‘जोगवा’ येत नाही, ‘नक्षत्रांचे देणे’ येत नाही, कारण ते आरती प्रभू या त्यांच्या टोपणनावावर आहेत. महाविद्यालयातली एखादी मुलगी हे पाहून काय समजेल? की या माणसाने कविता लिहिलीच नाही! जुन्या कार्डांच्या खणात ‘आरती प्रभू पाहा’ असं एक कार्ड असायचं. यंत्र आणताना आपण ते कार्ड रद्दीत घातलं. शिरवाडकर-कुसुमाग्रज, गडकरी-गोविंदाग्रज, मालतीबाई बेडेकर-विभावरी शिरूरकर, सगळीकडे हीच फाटाफूट. टोपणनावांनी भरलेल्या साहित्याची ही तालिका, आणि तिला टोपणनाव कळत नाही.

आणि रोमन लिपीतल्या नोंदी! ‘काळ’ आणि ‘काल’ एकाच स्पेलिंगात कोंबायचे आणि वाचकाने अंदाज बांधायचा. हे मराठी ग्रंथालयात चालतं, याचा मला संताप येतो.

उत्तरं मला पाठ आहेत. म्हणे सॉफ्टवेअरमध्ये सोय नाही. खोटं आहे. मार्क २१ या नोंदपद्धतीत मूळ लिपीसाठी ८८० क्रमांकाचं क्षेत्र आहे, संपादक-अनुवादकांना जागा आहे, एका नावावरून दुसऱ्याकडे नेण्याची व्यवस्था आहे. ‘कोहा’ हे सॉफ्टवेअर तर न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयाने स्वतःसाठी करवून घेतलं आणि जगाला फुकट दिलं. त्यात पडद्यावर काय आधी दिसावं हे आपलं आपल्याला ठरवता येतं. आपण ठरवलं नाही, एवढंच.

दुसरं उत्तर, वाचक तालिका बघतच नाहीत, काउंटरवर विचारतात. विचारणारच! तालिकेने त्यांना इतक्या वेळा रिकाम्या हाताने परत पाठवलं आहे. आणि काउंटरवरच्या ज्या बाईंना सगळं तोंडपाठ आहे, त्या निवृत्त झाल्यावर काय?

लेखकाची कोणती पुस्तकं आपल्याकडे आहेत ते दाखवणं आणि आवृत्ती निवडायला मदत करणं ही तालिकेची कामं ग्रंथालयतज्ज्ञ कटरने १८७६ साली लिहून ठेवली. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथनांनी १९३१ साली सांगितलं. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची संगणकाशिवाय सिद्ध केली. आपल्याकडे संगणक आहे आणि सबबी आहेत.

म्हणून दुपारच्या खुल्या सत्रात मी स्वतः ठराव मांडणार आहे. शोधाच्या पहिल्याच ओळीत देवनागरीत ग्रंथनाम, लेखक, संपादक किंवा अनुवादक, आवृत्ती, वर्ष आणि पुस्तक आत्ता कपाटात आहे की बाहेर, एवढं दिसलं पाहिजे. किंमत आणि दाखल क्रमांक कार्यालयाच्या पडद्यावर जातील. टोपणनावांची जोडणी जिल्ह्यातल्या ग्रंथपालांनी नावं वाटून घेऊन करावी आणि ती यादी सर्वांना खुली ठेवावी. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो चहाच्या टपरीवर न बोलता याच माइकवर येऊन बोलावा. मी उत्तर द्यायला थांबलो आहे.