घोडा का अडला?

(भूम येथे सरपंच, पंचायत समितीचे सदस्य, ग्रामसेवक व प्राथमिक शिक्षक यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात पाणलोट, रोजगार हमी आणि शाळा यांसारख्या जिव्हाळ्याच्या प्रश्नांचा विचार झाला. त्यानंतर घोड्याविषयी बोलावयास उभा राहणारा माणूस आपणांस कदाचित रिकामटेकडा वाटेल. भूम तालुक्याची ओळख खव्याच्या भट्ट्यांची आहे. येथे दारोदारी गाय आहे, म्हैस आहे, घोडा क्वचितच. तथापि लग्नसराई आली की वरातीची घोडी येते, जत्रा भरली की नाचणारा घोडा येतो, आणि मेंढ्यांच्या कळपाबरोबर धनगरांची तट्टे माळावरून जातात. घोडा आपल्या गावात पाहुणा म्हणून येतो, आणि पाहुण्याची व्यवस्था पाहणे हे यजमान गावाचे कर्तव्य आहे.

‘घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली?’ हे जुने कोडे आपण लहानपणी ऐकलेले आहे. उत्तर तिन्हींचे एकच : न फिरविल्यामुळे. आपल्या पूर्वजांनी घोडा अडण्याचे कारण नित्याच्या सरावाचा अभाव हे सांगितले. चाबूक कमी पडला हे सांगितले नाही. आज मला जे सांगावयाचे आहे ते या उत्तरात जवळजवळ सगळे आले आहे.

एक कबुली प्रथमच देतो. काही वर्षांपूर्वी एका गावच्या जत्रेचे वृत्त घेण्यासाठी मी गेलो होतो. हलगीच्या तालावर एक पांढराशुभ्र घोडा पुढचे पाय उंच उचलून नाचत होता. लोक नोटा ओवाळीत होते. जवळ गेलो तेव्हा त्याच्या तोंडचा फेस तांबूस दिसला. लगामाच्या कडीला टोके काढलेली होती आणि प्रत्येक हिसक्यासरशी ती जिभेत रुतत होती. मालक निर्दय नव्हता. स्वतः भाकरी खाण्यापूर्वी त्याने घोड्याला हरभऱ्याचा तोबरा चढविला होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, वडलांनी असंच शिकवलं. धाक नसंल तर जनावर ऐकत न्हाई.” मी छायाचित्र घेतले, परंतु घोड्याचे तोंड त्यात येणार नाही अशा बेताने घेतले. ते छापूनही आले. माहिती देणे हा ज्याचा व्यवसाय, त्याने त्या दिवशी माहिती दडविली. आजचे भाषण म्हणजे त्या दिवशी राहून गेलेले वृत्त होय, असे आपण समजावे.

जुनी शिस्त

धाकावाचून जनावर ऐकत नाही, ही आपली परंपरा आहे काय? पशुवैद्याला आपल्याकडे पूर्वी सालोतरी म्हणत. अश्ववैद्यकाचे आद्य आचार्य शालिहोत्र यांच्या नावावरून हा शब्द आला. ज्या समाजाने घोड्याच्या वैद्याला स्वतंत्र नाव दिले, त्याला घोड्याच्या दुखण्याची जाण होती हे उघड आहे.

सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था वर्णिलेली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. घोड्याचे पाणी आणि घोड्याचा खूर या गोष्टी कोणा एकाच्या दयाबुद्धीवर सोपविलेल्या नव्हत्या. त्यांसाठी माणसे नेमलेली होती. चिपळूणच्या तळावरील अधिकाऱ्यांना १६७३-७४ च्या सुमारास पाठविलेल्या महाराजांच्या पत्रात पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व गवत उधळल्यास पुढे घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमचा राहील, अशी ताकीद आहे. रयतेला उपद्रव देऊ नये, ही प्रसिद्ध आज्ञाही त्याच पत्रातली. रयत आणि जनावर या दोहोंची काळजी एकाच आज्ञापत्रात यावी, हे आपणां शासकीय सेवकांनी ध्यानी घेण्यासारखे आहे.

घोड्याचा स्वभाव

घोडा हा पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. मात्र कपाळासमोर अगदी जवळचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. मागून अचानक आलेल्या माणसाला तो लाथ झाडतो ती बहुधा भीतीने. आपण तिला खोडी समजतो. त्याला श्वास नाकानेच घ्यावा लागतो, म्हणून मुस्की करकचून आवळणे धोक्याचे. त्याला ओकारी होत नाही आणि जठर शरीराच्या मानाने लहान असते, म्हणून वैरण थोडी थोडी व वारंवार हवी. एकदम भरपूर दाणा चारल्यास पोटशूळ उठून जनावर दगावू शकते. पुढचे दात व दाढा यांच्यामध्ये बिनदाताची हिरडी असते. लगाम तेथे बसतो. त्या नाजूक कातडीखाली लगेच हाड आहे. टोकदार लगाम तेथे काय करीत असेल, याची कल्पना करण्यास पशुवैद्य असण्याची गरज नाही.

आता शिक्षणाविषयी. टाचेचा किंवा लगामाचा हलका दाब द्यावयाचा, आणि अपेक्षित पाऊल पडताच तो तत्क्षणी सोडावयाचा, ही अश्वशिक्षणाची मूळ रीत आहे. दाब सुटला की आपण बरोबर वागलो हे घोड्याला कळते. बरोबर वागूनही ओढाताण थांबली नाही, तर तो गोंधळतो. मग तो अडतो, उधळतो, किंवा मुकाट्याने सारे सोसू लागतो. या शेवटच्या अवस्थेला आपण ‘घोडा गरीब झाला’ असे म्हणतो. वास्तविक त्याने आशा सोडलेली असते.

शिक्षक बंधूंना हे नवीन नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई केली. छडीवाचून पाढे कसे पाठ होतील, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. पाढे पाठ होतात, हे आपण रोज पाहतो.

याच तालुक्याच्या माळावर मी एका वृद्ध धनगराचे तट्टू पाहिले. पाठीवर वाघर, भांडीकुंडी आणि दोन कोकरे. तोंडात लोखंड नव्हते. दोरीची म्होरकी होती, तीही सैल. म्हाताऱ्याने जिभेने एक आवाज काढला आणि तट्टू थांबले. आपल्या शेजारच्या सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांत, तसेच पुणे व सातारा भागांत धनगरांनी जतन केलेल्या भीमथडी घोड्याची २०२३-२४ च्या सुमारास स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. त्या जातीबरोबर तिला वागविण्याची ही रीतही जपण्याजोगी आहे.

मैदानावरील कसोटी

कोणी म्हणेल, ओझ्याच्या तट्टाचे ठीक आहे. खेळात धाकावाचून कसे जमेल? १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत रघुवीर सिंग यांनी घोडेस्वारीत सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर थेट २६ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे भारतीय संघाला ‘ड्रेसाज’ या प्रकारात सुवर्ण मिळाले. त्या चौघांत मुंबईचे हृदय छेडा हेही होते. या प्रकारात घोडा लयीत पावले टाकतो, जागच्या जागी पाय उचलतो. नीट पाहिले तर आपल्या जत्रेतील नाचाचाच तो भाऊबंद. तेथे गुण मिळतात ते घोडा किती मोकळेपणाने चालतो याचे.

तेथेही सारे आलबेल आहे असे मात्र नाही. तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणाऱ्या ब्रिटनच्या शार्लट डुजार्डिन यांना २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपूर्वी माघार घ्यावी लागली. सराव करविताना त्या घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारीत असल्याचे चित्रण उघडकीस आले आणि त्यांना एक वर्ष खेळण्यास मनाई झाली. टोकियो येथे २०२१ मध्ये अडलेल्या घोड्याला ठोसा मारणाऱ्या जर्मन प्रशिक्षिकेला स्पर्धेतून काढण्यात आले. पुढे आधुनिक पंचक्रीडेतून घोडेस्वारीच वगळण्याचा निर्णय झाला. पायावर मारून पाय उचलायला लावणे ही केवळ अडाणी खेड्यातील गोष्ट नव्हे. सुधारलेल्या देशांतील नामवंतांनाही तो मोह पडतो. फरक इतकाच की तेथे कोणीतरी चित्रण दाखविले आणि संघटनेने दखल घेतली. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी झेनोफोन या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. सक्तीने करवून घेतलेल्या हालचालीत सौंदर्य नसते, असे त्याचेही मत होते.

कायदा काय सांगतो

प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० साली झाला. त्याखालील १९६५ च्या नियमांनुसार हाकण्यासाठी वा स्वारीसाठी टोकदार लगाम, काटे असलेला साज किंवा आरीची काठी वापरण्यास मनाई आहे. ओझ्याच्या व गाडीच्या जनावराकडून दिवसात ९ तासांहून अधिक, आणि विश्रांतीवाचून सलग ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांपलीकडे जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात काम घेण्यास मनाई आहे. आपल्याकडील चैत्र-वैशाख आठवा, म्हणजे या नियमाचे महत्त्व कळेल.

बैलगाडा शर्यतींचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. २०१४ ची बंदी, २०१७ ची राज्याची दुरुस्ती, डिसेंबर २०२१ मधील परवानगी आणि १८ मे २०२३ चा घटनापीठाचा निर्णय. त्या दुरुस्तीत उल्लेख बैलाचा आहे, घोड्याचा नाही. घोड्याला आधार मूळ अधिनियमाचा व नियमांचाच. पहिल्या अपराधास अधिनियमातील दंड १० ते ५० रुपये एवढाच आहे. पन्नास रुपयांच्या भीतीने कोणी लगाम बदलणार नाही. तो बदलेल गावाच्या शब्दाखातर.

गावाने काय करावे

यासाठी अनुदान लागत नाही. जत्रा समितीने घोडा नाचविण्यास वा पळविण्यास संमती देण्यापूर्वी लगाम हाताने चाचपून पाहावा. बोटाला टोचला तर तो जिभेलाही टोचतो. दुपारी घोड्याला सावली, पाणी व विश्रांती द्यावी. खडीवर किंवा डांबरी रस्त्यावर पळवू नये. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालते, म्हणून कोवळ्या शिंगरावर नवरदेव बसवू नये.

पशुधन विकास अधिकाऱ्यांना जत्रेची तारीख आधी कळवावी. घोड्याला धनुर्वाताची बाधा चटकन होते. ती लस टोचलेली आहे काय, हे विचारावे. ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसालाही होतो. नाकातून घट्ट स्राव आणि कातडीवर गाठी दिसल्यास घोडा वेगळा बांधून तत्काळ कळवावे. सारंगखेड्याच्या किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेतून घोडा आणणाऱ्यांनी विशेष दक्षता घ्यावी.

शिवाय, मालकाला अपराधी ठरवून हाकलू नये. त्याचे पोट त्या घोड्यावर आहे. गुळगुळीत लगाम लावून येणाऱ्याला समितीने मानाचा फेटा बांधावा आणि सुपारी आधी द्यावी. हौसेने नाचणारा घोडा गिऱ्हाईक आणतो, हे एकदा दिसले की बाकीचे आपोआप वळतील.

पुढील जत्रेला मी पुन्हा कॅमेरा घेऊन येणार आहे. या खेपेस छायाचित्र घोड्याच्या तोंडासमोरून घेईन. ते छापता येईल अशी व्यवस्था आपण कराल, असा मला भरवसा आहे.